दानपेटी आणि दुसरी पेटी: लेंटच्या सेवा प्रकल्पाच्या नोंदी

१३ जानेवारी २०२५, सोमवार

आजपासून नोंदी सुरू. मुख्याध्यापिका बाईंनी यंदाचा लेंटचा (ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपासकाळ) सेवा प्रकल्प माझ्याकडे दिलाय, सोबतीला दुसरीचे सर आणि संगीताच्या बाई. आत्तापर्यंतची पद्धत ठरलेली: लेंट लागला की वर्गावर्गात पुठ्ठ्याची दानपेटी फिरायची, घरून नोट यायची, पोरं ती पेटीत टाकायची, शेवटी चेक देतानाचा फोटो आणि सर्टिफिकेट. पैसे जमतात, त्याबद्दल तक्रार नाहीच. पण मागच्या आठवड्यात चौथीत सहज विचारलं की गेल्या वर्षीचे पैसे कुणाला गेले, तर एक म्हणाला चर्चला, एक म्हणाली आफ्रिकेला, आणि मागच्या बाकावरून आवाज आला "ऑफिसात". तिन्ही उत्तरं चूक. नोट आईच्या पर्समधून निघाली आणि पेटीत गेली, मधे पोराचा फक्त हात होता.

म्हणून यंदा लेंट लागेपर्यंत, म्हणजे ५ मार्चपर्यंत, पैसे गोळाच करायचे नाहीत असं ठरवलंय. आधी बघायचं, विचारायचं, मग काय करायचं ते पोरांनी ठरवायचं. सेवा गटात तिसरी-चौथीच्या प्रत्येक तुकडीतून दोन-दोन मुलं घेतली, चिठ्ठ्या टाकून. एरवी बोलकी आणि हुशार पोरंच प्रत्येक गोष्टीत पुढे असतात आणि बाकीच्यांना वाटतं हे त्यांचंच काम. चिठ्ठीत दोन एकदम गप्प मुलं आलीत, बघू काय होतं.

१७ जानेवारी, शुक्रवार

स्टाफ मीटिंग. विषय बक्षिसांचा. कोणत्या वर्गाने किती जमवले त्याचा तक्ता दरवर्षी व्हरांड्यात लागतो, आणि जिंकणाऱ्या वर्गाला एक तास खेळायला मिळतो. मी म्हटलं यंदा तक्ता नको, तारे नकोत, काहीच नको. लगेच दोघी-तिघी म्हणाल्या की तारे लावले नाहीत तर पोरं काही आणणारच नाहीत, अनुभव आहे आमचा.

मग मी वॉर्नेकेन आणि टोमासेलो या दोन मानसशास्त्रज्ञांचा २००८ सालचा प्रयोग सांगितला. वीस महिन्यांची बाळं. मोठ्या माणसाच्या हातून वस्तू पडली की ती आपणहून उचलून देतात. काही बाळांना प्रत्येक मदतीनंतर खेळण्यासारखं बक्षीस दिलं, काहींचं नुसतं कौतुक केलं, काहींना काहीच नाही. नंतर बक्षिसं बंद केल्यावर पुन्हा बघितलं तर बक्षीसवाल्या बाळांची मदत कमी झालेली, बाकीच्यांची तशीच चालू. म्हणजे आपण पैसे खर्चून पोरांची मूळची सवय मोडतोय! यावर संगीताच्या बाई म्हणाल्या, बाळांचं ठीक आहे हो, आपली पोरं आठ-नऊ वर्षांची आणि पक्की व्यवहारी आहेत. यात दम आहे, बाळांवरचा प्रयोग चौथीच्या वर्गाला जसाच्या तसा लागू करता येत नाही. पण तक्त्याचं दुसरंही एक दुखणं आहे: ज्या वर्गात पैसेवाल्यांची पोरं जास्त तोच वर्ग जिंकतो आणि हे सगळ्यांना दिसतं, पोरांना तर आधी दिसतं. या मुद्द्यावर मात्र कुणी वाद घातला नाही.

ठरलं: तक्ता रद्द. शाबासकी चालेल, मनापासून आणि नेमकी, "तू थांबून त्याची पिशवी धरलीस" अशी. नुसतं गुड बॉय नको.

२४ जानेवारी, शुक्रवार

आज शाळेतच फेरी मारली. प्रत्येकाला वही-पेन्सिल आणि एकच काम: इथे कुणाला काय अडतंय ते बघा. सूचना देऊ नका, उपाय सांगू नका, नुसतं बघा आणि लिहा.

पहिली दहा मिनिटं फुकट, सगळे एकमेकांच्या वहीत डोकावत होते. मग चौथीतला एक जण (चिठ्ठीत आलेल्या गप्प मुलांपैकी) हात धुवायच्या नळाशी गेला आणि सरळ गुडघ्यावर बसला, गुडघ्यावर चालतच नळापर्यंत गेला आणि हात वर केला. बोटं तोटीला जेमतेम टेकत होती. "पहिलीतला पोरगा एवढाच असतो," म्हणाला. वहीत लिहिलं: नळ उंच, पहिलीवाले हात न धुताच जातात. मी इतकी वर्षं त्या नळावरून रोज जाते.

बाकीच्या वह्यांत बरंच निघालं. सफाईच्या मावशी पाण्याची बादली वरच्या मजल्यावर जिन्याने नेतात, मधे एकदा टेकवतात. तिसरीत नवीन आलेली मुलगी, जिला आपली भाषा अजून धड येत नाही, ती मधल्या सुट्टीत एकटीच कठड्याला टेकून उभी असते. कुबड्या घेऊन येणारा मुलगा शाळा सुटल्यावर सगळ्यात शेवटी निघतो कारण गेटवर गाड्यांची गर्दी. लायब्ररीतल्या पुस्तकांची शेवटची पानं फाटलेली, म्हणजे गोष्टीचा शेवटच नाही. एकाने लिहिलंय, "गणिताच्या तासाला सगळ्यांनाच अडतंय." हेही नोंदवून घेतलं, अन्याय नको.

३ फेब्रुवारी, सोमवार

आजची असेंब्ली माझ्याकडे होती. दरवेळी चांगल्या शोमरोन्याची, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्या अनोळख्याला मदत करणाऱ्या परक्याची, गोष्ट होते, ती पोरांना पाठ आहे, कोण कधी येतो हे ती माझ्या आधीच सांगतात. त्यामुळे यंदा बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय. येशूला मानणाऱ्यांची पहिली मंडळी, सगळे एकत्र राहतायत, गरजूंना रोज वाटप होतंय, आणि तक्रार येते की ग्रीक बोलणाऱ्या विधवांना वाटपातून वगळलं जातंय. मी पोरांना विचारलं, आता काय करायचं? पहिलं उत्तर "जास्त वाटा". मग एक मुलगी म्हणाली, "जास्त वाटलं तरी त्यांना मिळणारच नाही ना, वाटणाराच त्यांच्याकडे बघत नाहीये." मला हेच हवं होतं पण एवढ्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं. प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या शिष्यांनी, सगळ्यांना बोलावलं आणि या कामासाठी सात जण निवडायला सांगितले, आणि त्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. बहुधा ज्यांची तक्रार त्यांच्यातलेच लोक नेमले. पोरांना हे फारच न्यायाचं वाटलं.

मग दोन पेट्या दाखवल्या. एक आपली नेहमीची दानपेटी. दुसरी लाकडी पेटी, झाकणाची, स्टोअररूममधून आणलेली, आणि तिच्यासोबत थॉमस क्लार्कसनची गोष्ट. इंग्लंडमधला तरुण, पाळक व्हायला निघालेला. १७८५ मध्ये केंब्रिजला निबंध स्पर्धेसाठी विषय मिळाला की माणसांना त्यांच्या मर्जीविरुद्ध गुलाम करणं योग्य आहे का. बक्षीस मिळालं, पण लिहिताना जे वाचलं ते डोक्यातून जाईना. १७८७ मध्ये लंडनमध्ये गुलामांचा व्यापार बंद करण्यासाठी बारा जणांची समिती झाली, त्यातले नऊ क्वेकर पंथाचे, आणि क्लार्कसन घोड्यावर बसून गावोगाव पुरावे गोळा करत फिरला. त्याच्याकडे एक पेटी होती, तिच्यात आफ्रिकेतलं विणलेलं कापड, बिया, मसाले, कोरीव लाकूड, चामड्याच्या वस्तू. सभेत पेटी उघडून तो दाखवायचा की बघा, ही माणसं काय काय बनवतात, यांच्याशी मालाचा व्यापार करा, माणसांचा कशाला. लिव्हरपूलच्या एका दुकानातून विकत घेतलेल्या बेड्याही तो लोकांना दाखवायचा. ती पेटी आजही विझबीच या त्याच्या जन्मगावच्या म्युझियममध्ये आहे.

तिसरीतला प्रश्न: "त्या पेटीत पैसे नव्हते?" नव्हते. "मग ती कशाला?" आपण या दुसऱ्या पेटीत काय टाकायचं ते शोधूया, एवढंच सांगितलं आणि घंटा झाली.

१० फेब्रुवारी, सोमवार

पालकांची मीटिंग. एका आईने नंतर बाजूला घेऊन सांगितलं की आमच्या घरी सध्या चर्चमधूनच मदत येते, पोराला पेटीत टाकायला काही देता येणार नाही, तो दरवर्षी त्या दिवशी पोट दुखतंय म्हणतो. हे ऐकल्यावर बाकीची मीटिंग डोक्यात शिरलीच नाही.

त्यामुळे पाकिटांची कल्पना पक्की केली. शाळेकडून सगळ्यांना एकसारखं पाकीट, त्यात पैसे टाका, चिठ्ठी टाका, घरात केलेल्या मदतीबद्दल दोन ओळी टाका, किंवा रिकामं चिकटवून आणा. नाव लिहायचं नाही. बायबलमध्ये मत्तय ६ मध्ये दान देताना उजव्या हाताचं डाव्या हाताला कळू देऊ नका म्हटलंय ते आपण दरवर्षी वाचून दाखवतो आणि त्याच दिवशी व्हरांड्यात तक्ता लावतो.

दुसरं, सेवा गटाने पोस्टर केलं होतं, मासिकातून कापलेला रडणाऱ्या मुलाचा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरात "गरिबांना मदत करा". मी काढा म्हटलं नाही. एवढंच विचारलं की हा मुलगा उद्या आपल्या शाळेत आला आणि त्याने भिंतीवर स्वतःचा असा फोटो पाहिला तर? बराच वेळ कुणी काही बोललं नाही, मग एकीने खिळेच काढायला घेतले. नवीन पोस्टरवर फक्त नळाचं चित्र आहे, आणि खरं सांगायचं तर ते पहिल्याहून वाईट काढलंय, नळ हत्तीसारखा दिसतो. राहू दे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

जुनी खेळणी आणि कपडे आणायला सांगितलं नव्हतं तरी आलेच, पालकांना सवय आहे. सेवा गटाने टेबलावर मांडून निवड केली. एक चाक नसलेली गाडी, अर्धं पझल, चेन तुटलेलं जॅकेट. एक मुलगी झिप खालीवर करत म्हणाली, "हे मी घालीन का?" मग तिसरीच्या मुलांनी स्वतःच नियम केला, आपल्याला वाढदिवसाला मिळालं तर आवडेल तेच पुढे पाठवायचं. टेबलाचा मोठा भाग रिकामा झाला. बाद झालेलं काही भंगारात, काही घरी परत, आणि एका बाबांचा फोन की आमची गाडी परत का आली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

जमणारे पैसे कुठे द्यायचे ते ठरवायला तीन संस्थांची माणसं बोलावली होती आणि मुलाखत पोरांनी घेतली. प्रश्न आधी लिहून काढले होते. पैसे कुणाला मिळतात. काय हवंय ते त्यांना कोण विचारतं. तुम्ही नसाल तर ते काय करतील. एका संस्थेचे काका जरा गडबडले, त्यांना वाटलं होतं गाणं-बिणं असेल आणि भाषण करून जाऊ.

खरी मजा पगारावरून झाली. एकाने ठणकावून सांगितलं की सगळेच्या सगळे पैसे गरजूंना गेले पाहिजेत, ऑफिसला एकही नको. दुसऱ्या संस्थेच्या ताईंनी विचारलं, मग औषधांची पेटी गाडीतून कोण नेईल? ड्रायव्हर फुकट काम करेल का, आणि केलं तर त्याच्या घरचं काय? यावर पोरं आपापसातच भांडायला लागली. माझं मत असं की किती टक्के ऑफिसला जातात हा प्रश्न बरोबर आहे पण तो एकटाच विचारला की उत्तर फसवं येतं. पैसे खर्चून झालं काय, हे विचारणारं पोरगं जास्त शहाणं. असं एक होतं.

गुप्त मतदान घेतलं. निवडून आली ती संस्था घरी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी काम करते. प्राण्यांच्या संस्थेला मत दिलेली दोन मुलं रडली. त्यांना समजावत बसले नाही, हरल्यावर वाईट वाटणारच.

आणखी एक. आपल्याकडे इतर धर्मांची मुलंही आहेत, त्यांना हे परकं वाटू नये असं डोक्यात होतं. पण गणिताच्या तासाला एका मुलीने आपणहून जकात समजावून सांगितली, वर्षभर साठून राहिलेल्या पैशाचा अडीच टक्के हिस्सा, आणि मग बायबलमधला दशांश म्हणजे दहा टक्के, दोन्ही फळ्यावर मांडून वर्गाने उदाहरणं सोडवली. टक्केवारी एवढ्या आनंदाने आजवर कुणी केली नसेल.

५ मार्च, बुधवार

राखेचा बुधवार, लेंटचा पहिला दिवस. पाळकसाहेब आले, कपाळावर राखेचा क्रूस. चौथीने हिशेब घातला: आजपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत ४६ दिवस होतात, मग चाळीस कसे? रविवार धरत नाहीत, सहा रविवार वजा केले की बरोबर चाळीस. हिशेब जुळल्यावर त्यांना एकदम विश्वास बसला.

कोण काय सोडणार यावर दरवर्षीचे विनोद झाले, "मी होमवर्क सोडतो" वगैरे. मग मी त्यांना १७९१ची गोष्ट सांगितली. ब्रिटिश संसदेने गुलामांचा व्यापार बंद करायचा ठराव त्या वर्षी फेटाळला, तेव्हा हजारो घरांनी वेस्ट इंडीजची साखर खाणंच बंद केलं, कारण ती गुलामांच्या कष्टातून यायची. मत द्यायचा हक्क नसलेल्या बायकांनी हे घराघरात चालवलं. "चहात पण नाही?" नाही. "केकमध्ये पण?" यावर वर्ग हादरला. पण मुद्दा लगेच पकडला की हे सोडणं कुणासाठी तरी होतं. बायबलमधल्या यशया ५८ मधला उपासही तसाच आहे, बेड्या सोडा, भुकेल्याला आपलं वाढा, आणि देवाला तोंड पाडून बसलेला उपास नकोय.

शेवटी प्रत्येकाने "सोडणार" आणि "धरणार" अशा दोन ओळी लिहिल्या. एकाने मधल्या सुट्टीतलं फुटबॉल आठवड्यातून एकदा सोडायचं लिहिलंय, त्या वेळात नवीन मुलीला टीममध्ये घ्यायला. मी म्हटलं अरे मग फुटबॉल सोडतोस कुठे? तो म्हणाला, "बाई, ती गोलकीपर होईल, मग मला नेहमीची जागा सोडावी लागेल." बरं बाबा.

१२ मार्च, बुधवार

पत्र लिहिण्याचा दिवस. दुसऱ्या पेटीत आत्तापर्यंत नळाचं माप घेतलेली सुतळी, फाटकं शेवटचं पान, गेटवरच्या गर्दीचं पोरांनी काढलेलं चित्र आणि मावशींनी सांगितलेलं बोलणं लिहिलेला कागद एवढं जमलंय.

नळाबद्दल आम्ही मोठ्यांनी आधीच उपाय काढला होता, एक स्टूल ठेवू. सेवा गट म्हणाला पहिलीवाल्यांना विचारू. विचारलं तर त्यांनी स्टूल नको म्हटलं, ओल्या फरशीवर ते सरकतं, आणि वर चढल्यावर मागचे ढकलतात. त्यांना खालीच एक नळ हवाय. सात ग्रीक नावं आठवली.

गेटचं प्रकरण अवघड निघालं. पोरांना आधी वाटलं पत्र पोलिसांना लिहायचं. मग निरीक्षण केलं तर गेटसमोर आडव्या लागणाऱ्या गाड्या सगळ्या पालकांच्याच. "ही तर आमच्या पप्पांची," असं म्हणून एक जण वही मिटून उभा राहिला. शेवटी दोन पत्रं ठरली, एक पालकांना, एक रस्त्याचं काम बघणाऱ्या प्रशासनाला, की गेटसमोर पट्टे आखा आणि स्पीडब्रेकर द्या.

पत्रावरून ऑफिसात थोडं वाजलं. मत असं होतं की शाळेच्या लेटरहेडवर जाणार तर भाषा नीट करून, टाइप करून, खाली मुलांच्या सह्या. मी रॉजर हार्टची शिडी काढून दाखवली. १९९२ मध्ये युनिसेफसाठी लिहिलेल्या निबंधात त्याने मुलांच्या सहभागाच्या आठ पायऱ्या सांगितल्यात आणि खालच्या तीन, म्हणजे मुलांना वापरून घेणं, शोभेला उभं करणं आणि नावापुरतं घेणं, यांना तो सहभागच म्हणत नाही. आपण लिहून त्यांच्या सह्या घेतल्या तर आपण तिथेच. मुलांचं मत ऐकून घेतलं जावं हा तर १९८९च्या बालहक्क करारातल्या बाराव्या कलमाने दिलेला हक्क आहे. तडजोड अशी झाली की शुद्धलेखन मुलं स्वतः डिक्शनरीत बघतील आणि वाक्यांना कुणी हात लावणार नाही. त्यामुळे प्रशासनाला गेलेल्या पत्रात "आमचा मित्र रोज सगळ्यात शेवटी घरी जातो आणि तो हळू आहे म्हणून नाही" हे वाक्य तसंच गेलंय. मला किंवा कुणालाही ते लिहिता आलं नसतं.

१९ मार्च, बुधवार

मंद आठवडा. परीक्षा जवळ आली, अर्धा गट मीटिंगला आलाच नाही, पत्रांना उत्तर नाही. पाकिटं येतायत.

त्या संस्थेमार्फत काही आजी-आजोबांना भेटायला छोटा गट गेला, पालकांची लेखी परवानगी, मोठी माणसं सोबत, फोटो अजिबात नाही. पोरांनी दोन गाणी बसवली होती. एका आजींनी पहिलं कडवं झाल्यावर हात वर करून थांबवलं आणि म्हणाल्या, "छान गाता रे, पण मला पेपर वाचून दाखवा, डोळ्यांनी दिसत नाही, गाणी रेडिओवर लागतात." मग तिसरीतल्या मुलीने अडखळत हवामान, मग अग्रलेखाचा अर्धा भाग आणि मग श्रद्धांजलीच्या जाहिराती वाचल्या, कारण आजींना तेच हवं होतं. संगीताच्या बाई जरा हिरमुसल्या, साहजिक आहे. पुढच्या वेळी पेपर न्यायचा.

२८ मार्च, शुक्रवार

उत्तरं आली. शाळा समितीने खालच्या नळाला मंजुरी दिली. मावशींच्या बादलीसाठी वरच्या मजल्यावर पाण्याचा पॉइंट काढायचं बघतायत, मे नंतर. प्रशासनाचं उत्तर दोन ओळींचं: पत्र मिळालं, संबंधित विभागाकडे पाठवलं आहे. पोरांनी ते तीनदा वाचलं. "म्हणजे हो का नाही?"

मग क्लार्कसनचा हिशेब पुन्हा काढला. १७८७ला समिती, तेव्हा तो २७ वर्षांचा. व्यापारबंदीचा कायदा १८०७ मध्ये, तेव्हा तो ४७चा. आणि तो फक्त व्यापार थांबला, गुलामी चालूच. ब्रिटिश साम्राज्यात गुलामी संपवणारा कायदा १८३३चा, म्हणजे तो ७३. एकजण म्हणाला, "मग आपण म्हातारे होईपर्यंत पट्टे मारणार नाहीत?" सगळे हसले, पण पुढचं काम ठरलं, दर महिन्याला आठवणीचं पत्र, आणि ते कोण लिहिणार त्याची यादी. पंडिता रमाबाईंचंही सांगितलं, निराधार बायकांना आसरा देणारं त्यांचं मुक्ती मिशन सगळ्यांना माहीत असतं, पण १८८२ मध्ये सरकारच्या शिक्षणविषयक हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन त्यांनी बायकांसाठी शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हव्यात असं ठामपणे मांडलं होतं हे माहीत नसतं. आसरा देणं आणि मागणी करणं, दोन्ही त्याच बाईंनी केलं. मला आपल्याकडच्या सेवेच्या धड्यात पहिला अर्धाच नेहमी दिसतो.

पालकांच्या पत्राचा परिणाम मात्र लगेच. त्या वही मिटलेल्या मुलाचे पप्पा आता गाडी कोपऱ्यावर लावून चालत येतात, आणि पोरगा ते सगळ्यांना दाखवत फिरतो.

७ एप्रिल, सोमवार

पाकिटं उघडली. मोजणी सेवा गटाने केली, वर्गवार नाही, सगळं एकत्र. रकमेचा आकडा संस्थेला कळवला, व्हरांड्यात लावला नाही. गेल्या वर्षीपेक्षा कमी आहे, हे ऑफिसातून दोनदा ऐकवून झालं. असेल. पण यंदा कुणाला गेले ते शाळेतलं कुठलंही पोर सांगेल.

रिकामी पाकिटं बरीच होती आणि ती मोजायची नाहीत असं आधीच ठरलेलं. चिठ्ठ्याही निघाल्या. "मी भावाला न ओरडता शिकवलं, एकदा ओरडले." "आजोबांचे पाय दाबले." एका पाकिटात नुसती दोन नाणी, एकदम लहान, आणि मोजणाऱ्या मुलाने ती दाखवत म्हटलं "ही विधवेची", बायबलमधल्या मार्कमधली गोष्ट, गरीब विधवा जवळची दोनच नाणी दान करते ती. मी म्हटलं कुणाचं पाकीट ते शोधायचं नाही. तो म्हणाला शोधत नाहीये, वेगळी ठेवतोय. ती पण एकत्रच टाकायला लावली.

पोट दुखतंय अशी तक्रार यंदा कुणाची आली नाही.

२५ एप्रिल, शुक्रवार

ईस्टरनंतरची पहिली मीटिंग. खालचा नळ बसला. प्लंबरने पहिल्यांदा आमच्या उंचीच्या अंदाजाने खूण केली होती, सेवा गटाने सुतळी आणून ती खाली आणवली. पहिलीवाले आता गरजेपेक्षा जास्त हात धुतात आणि मावशींना फरशी पुसावी लागते, म्हणजे मावशींचं काम वाढलं. हे गटाच्या वहीत नवीन अडचण म्हणून गेलंय आणि पहिलीच्या वर्गातच पाळी लावून पुसायचं ठरतंय, बाई तयार आहेत.

गेटच्या पट्ट्यांचं अजून काही नाही. एप्रिलचं आठवणीचं पत्र गेलं, मेचं सुट्टीत येतं म्हणून दोघांनी आत्ताच लिहून ठेवलंय. चौथीची मुलं या वर्षी शाळा सोडून जातील, त्यांच्या जागी चिठ्ठ्या जूनमध्ये. लाकडी पेटी लायब्ररीच्या कपाटात, किल्ली दुसरीच्या सरांकडे.